आमच्या चौकडीतली विहीर

माझ्या सासऱ्यांबद्दल चार चांगले शब्द बोल असं कोणी म्हटलं, तर मला वेळ लागेल. वाईट बोलायला सांगा, झोपेतून उठवलंत तरी मी तयार आहे. चेलो वाजवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, हे मी लग्नाआधीच ऐकलं होतं. भांडण्यातही नाही, हे मात्र लग्न ठरवताना कोणी सांगितलं नाही.

आम्ही चौघं घरातलेच. नवरा पहिलं व्हायोलिन, मी दुसरं, सासऱ्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या आत्या, व्हायोला, आणि सासरे, म्हणजे बाबा, चेलो, ते गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं वाद्य. लोक पत्रिकेत ‘तंतुवाद्य चौकडी’ असं छापायचे आणि आमच्या पाठीमागे चांडाळचौकडी म्हणायचे. पाठीमागचं नाव जास्त खरं होतं. आमची तालीम चालू असली की शेजारीण खुशाल झोप काढायची. तालीम थांबली की ती दचकून जागी व्हायची, कारण वाजवणं थांबलं की आमचं भांडण सुरू व्हायचं.

बाबा मला रागात असले की ‘सूनबाई’ म्हणायचे, म्हणजे रोजच. माझ्या वाजवण्यावर त्यांचं ठरलेलं मत होतं. ही व्हायोलिन वाजवत नाही, भाजी निवडते. एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले, आणि पाहुणे हसले. मीही मग पाहुण्यांसमोर सांगितलं की भाजी निवडायला या घरात दुसरं कोणी उठत नाही, त्यामुळे हाताला सवय लागली आहे. त्यानंतर दोन दिवस त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. स्वतः करून घेतला, आणि पातेलं तसंच ओट्यावर टाकून दिलं. आत्या अशा वेळी चष्मा पुसत बसायच्या. आयुष्यभर भावाची बाजू घ्यायची नाही आणि भावाच्या विरुद्ध जायचं नाही, हे त्यांना छान जमलं होतं.

बाबांचं प्रेम होतं ते त्या चेलोवर. त्यांच्या गुरूंनी जाताना तो त्यांना दिला होता, आणि दिला तेव्हाच त्याच्या पुढच्या फळीला उभी भेग होती. बाबांनी ती स्वतः सरस लावून बुजवली आणि मग जन्मभर तिला जपलं. लाकूड कोरडं पडलं की आक्रसतं, आणि आक्रसलं की जुनी जखम उघडते. म्हणून कोरड्या हवेत चेलोच्या पेटीत ओलावा ठेवावा लागतो. बाबांकडे त्यासाठी प्लास्टिकची साबणाची डबी होती, तिला तापल्या सुईनं भोकं पाडलेली, आत स्पंज. सकाळी दात घासायच्या आधी ते तो स्पंज भिजवायचे. नवरा लहानपणी तापानं फणफणला होता, तेव्हा घरातली सगळी ओली फडकी चेलोच्या खोलीत टांगलेली होती आणि उरलं सुरलं एक त्याच्या कपाळावर आलं, ही गोष्ट तो अजून सांगतो. हसत सांगतो, पण सांगतोच.

तर अशा या घरात एका संस्थेचा माणूस आला. त्यांना शाळाशाळांतून पाणी जपून वापरण्याबद्दल सांगायचं होतं, आणि भाषणं दिली की मुलं पेंगतात हे त्यांच्या एव्हाना लक्षात आलं होतं. संगीतातून सांगा, म्हणाला. नवऱ्यानं आठवड्याभरात रचना बसवली. त्यात तो स्वतः नळ, मी गळका पाइप, आत्या मोरी आणि बाबा विहीर. नळ मोकाट सुटतो, पाइप गळतो, मोरी सगळं गिळते आणि विहिरीचं पाणी खाली जात राहतं. चेलोनं एकेक तार सोडत जायची आणि शेवटी गज मांडीवर ठेवून गप्प बसायचं. वर आम्ही तिघं तसेच वाजवत राहणार, म्हणजे खालचा आधार गेला की उरलेल्यांचा आवाज किती उघडा पडतो ते मुलांना ऐकू येईल. कल्पना चांगली होती. नवऱ्याची म्हणून नाही म्हणत, खरंच चांगली होती.

बाबांच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर गज ओढला तो पोरासोरांसमोर तोंड मिटून बसण्यासाठी का, असं त्यांनी विचारलं. आत्या म्हणाल्या, “दादा, मला मोरी केलंय. मी काही बोलले का?” पण बाबा ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. मुलाला नळ व्हायचंय, कारण त्याला लहानपणापासून नुसतं वाहायचंच माहीत आहे, असं म्हणाले. मग नवऱ्याच्याही तोंडून निघून गेलं. एवढा दौरा करा आणि मग थांबा, म्हणाला. बोटं आखडतात, वरच्या सुरांना हात पोचत नाही, आम्ही झाकून घेतो म्हणून लोकांना कळत नाही. आपल्या एका विद्यार्थ्याला चेलोसाठी विचारून ठेवल्याचंही त्यानं सांगून टाकलं.

बाबा उठले, चेलो पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि मग वळून म्हणाले, “हा चेलो वाजतोय तोवर ती खुर्ची माझी आहे. वाजायचा थांबला की तुझ्या त्या शिष्याला बसव. तोवर त्यानं माझ्या समोर यायचं नाही.”

मी मनातून नवऱ्याच्या बाजूची होते. तोंडानंही होते, आणि बाबा ते विसरले नाहीत. दौऱ्याच्या गाडीत त्यांनी मधल्या बाकावर खिडकीशी चेलो बसवला, पडदा ओढून त्याला सावली केली, शेजारी स्वतः बसले, आणि माझ्यासाठी मागची जागा ठेवली, बॅगांच्या ढिगाशेजारी. तिथे माझे गुडघे हनुवटीला लागत होते.

पहिल्या काही शाळा बऱ्या गेल्या. फरशीचे वर्ग, पंखे, मुलांच्या हातात खाऊची पाकिटं. बाबा दर वेळी शेवटी गज मांडीवर ठेवायचे आणि समोरच्या मुलांकडे असं बघायचे, जसं काही विहीर त्या मुलांनीच उपसली. शिक्षकांना ते फार आवडायचं. काय अभिनय करतात आजोबा, म्हणायचे. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत नसू.

मग आम्ही डोंगर ओलांडून पलीकडच्या भागात गेलो. तिकडचा वारा कोरडा, ओठ फुटायचे. बाबा आता दिवसातून अनेकदा स्पंज भिजवायला लागले. चेलोच्या खालच्या सुरात हलकी झणझण येतेय, असं त्यांना वाटत होतं. गाडीत ते पेटीवर कान ठेवून बसायचे, आणि नवरा आरशातून बघून मुद्दाम हॉर्न वाजवायचा.

त्या भागातल्या पहिल्याच शाळेच्या फाटकाशी निळं पिंप होतं, वर लाकडी झाकण. आत येणारं प्रत्येक मूल दप्तरातून बाटली काढायचं, पिंपात ओतायचं आणि मग वर्गाकडे जायचं. शिक्षकही ओतत होते. पिंपाशी हेडबाई उभ्या होत्या, उंच, सडपातळ, हाताची घडी. आम्ही गाडीतून उतरलो तशी त्यांची नजर आधी वाद्यांच्या पेट्यांवर गेली आणि मग आमच्या हातातल्या बाटल्यांवर. इथे जो आत येतो तो पाणी ओततो, असं त्यांनी सांगितलं. टँकर आला तर आला, नाही आला तर शाळा या पिंपावर चालते. पाहुण्यांना सूट नाही. मागच्या महिन्यात पाणी वाचवा सांगायला बाहुल्यांच्या खेळाचे लोक आले होते, त्यांनीही ओतलं.

आम्ही तिघांनी निमूटपणे बाटल्या रिकाम्या केल्या. बाबांनी केली नाही. आपल्या हातातलं पाणी पिण्याचं नाही, वाद्याचं आहे, असं त्यांनी सांगितलं. बाईंना ते कळलं नाही, म्हणून त्यांनी परत सांगितलं, जरा मोठ्यानं, आणि त्यात ‘अडाणी’ हा शब्द वापरला.

बाई शांतपणे म्हणाल्या, “वाद्याचं नाव आमच्या हजेरीत नाही. ज्यांचं आहे त्यांना तहान लागते.”

खरं सांगते, मला गुदगुल्या झाल्या. इतक्या वर्षांत बाबांना कोणीतरी त्यांच्या तोडीचं भेटलं होतं. नवरा पुढे होऊन काही बोलणार तोच बाबांनी बाटली उघडली आणि सगळी पिंपात उलटी केली. तिथे थांबले असते तर काही झालं नसतं. पण थांबणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे पेटी खाली ठेवली, उघडली, साबणाची डबी काढली आणि आतला भिजलेला स्पंज मुठीत घेतला. “हेही घ्या,” म्हणाले. “तुमच्या हजेरीतल्यांना कमी पडायला नको.”

बाईंनी झटकन पिंपावर झाकण ठेवलं. मग बाबांनी तो स्पंज बाईंच्या पायाशी, जमिनीवर पिळला.

शाळेच्या फाटकात, सगळ्या मुलांसमोर, पाणी वाचवायला आलेल्या माणसानं पाणी मातीत पिळलं. मुलं जिथल्या तिथे उभी राहिली. मातीवर काळा डाग पडला, आणि आमच्या डोळ्यांदेखत कडेनं पांढरा होत होत तो नाहीसा झाला. मला वाटलं त्या डागाबरोबर मीही जमिनीत जावं. नवऱ्याचा चेहरा असा झाला होता की तिथे वडिलांवर हात टाकतो की काय अशी मला भीती वाटली.

बाईंनी आम्हाला परत पाठवायला हवं होतं. त्यांनी आणखी वाईट केलं, आत घेतलं. मुलांची चाचणी चालू आहे, ती संपेपर्यंत बसा, म्हणाल्या. पत्र्याचं लांब सभागृह होतं, पंखा नाही, दोन्ही बाजूंनी गरम वारा आरपार जात होता. आत्या हळूच म्हणाल्या की दादा, चेलो पेटीतच राहू दे. ते त्यांना नीट कळत होतं, आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. पण बहिणीनं सांगितलं म्हणूनच त्यांनी तो बाहेर काढला, सुरात लावला, आणि कडेवर पोर घेतल्यासारखा धरून त्या वाऱ्यात बसून राहिले. चाचणी संपता संपेना.

शेवटी मुलं आली आणि ओळीनं बसली. इतके शत्रुत्वानं बसलेले श्रोते मी अजून पाहिलेले नाहीत. नवऱ्यानं नेहमीची प्रस्तावना केली, की मी नळ, ही पाइप, त्या मोरी. एकाही चेहऱ्यावर हसू नाही. पहिल्या रांगेत दोन घट्ट वेण्यांची एक मुलगी होती, ती उठून उभी राहिली. शेवटी विहीर आटते ना, असं तिनं विचारलं. बाहुल्यावाल्यांचीही आटली होती. आणि आमच्याकडे नळ नाहीत, ती पुढे म्हणाली, आणि खाली बसली. नवऱ्यानं घाम पुसला आणि व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं.

आम्ही वाजवायला सुरुवात केली. मी त्यांची शत्रू आहे, म्हणून माझं म्हणणं ग्राह्य धरायला हरकत नाही. बाबा त्या दिवशी जसे वाजवत होते तसं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. समोर सगळं सभागृह त्यांना पाण्यात पाहत होतं, आणि त्यांना तेच मानवत होतं. तो खालचा सूर पत्र्याला जाऊन लागत होता. बोटं आखडलेली नव्हती, हात पोचत होता. मला नवऱ्याकडे बघवेना. मुलं हलत नव्हती, पण आता ती वेगळ्या तऱ्हेनं बसली होती.

बाबा तार सोडत गेले. शेवटचा लांब सूर राहिला होता, आणि तो चालू असतानाच आवाज झाला. कोरडी फांदी मोडावी तसा, एकच. चेलोच्या पुढच्या फळीला वरपासून खालपर्यंत भेग उघडली, तारा उचलून धरणारी घोडी आडवी झाली आणि तारा लुळ्या पडल्या. सूर मध्येच तुटला. बाबांचा गज तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो सावकाश मांडीवर ठेवला.

रचनेत आम्ही तिघांनी पुढे वाजवायचं होतं, म्हणून आम्ही वाजवत राहिलो. आत्यांच्या चष्म्याआडून पाणी वाहत होतं. उघडंबोडकं, भेसूर वाजलं ते. संपलं तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलं चेलोकडे बघत होती. हेडबाई दाराशी उभ्या होत्या, तोंडावर हात ठेवून. त्यांना सगळं समजलं होतं. कुठलं पाणी कुठे गेलं आणि त्याचं काय झालं, याची त्यांच्या मनात जुळणी होताना मला दिसत होती.

वेण्यांची मुलगी उभी राहिली. आता तिच्या आवाजातला तोरा गेला होता. “आजोबा, ते खरंच मोडलं?”

मी वाट पाहत होते. आता हा माणूस त्या बाईंकडे बोट दाखवणार. अशी संधी त्यांनी आयुष्यात सोडली नव्हती. माझ्या एका चुकलेल्या सुरासाठी त्यांनी मला भर सभागृहात उभं केलं होतं, इथे तर त्यांचा जन्म मोडून पडला होता.

बाबा दाराकडे बघत म्हणाले, “छे. ते त्यातच आहे. दर शाळेत असंच होतं.”

मुलीनं विचारलं की मग परत नीट कसं होतं. पाणी दिलं की होतं, बाबा म्हणाले, विहिरीसारखंच असतं ते. मुलांनी सुटकेचा श्वास सोडला, मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवल्या. त्या आवाजात बाबांनी चेलो पेटीत आडवा ठेवला. फाटलेलं लाकूड पाण्यानं सांधत नाही, हे आम्हा चौघांना ठाऊक होतं. बाईंनाही बहुधा कळलं असावं, कारण गाडीपाशी त्या स्वतः आल्या, बाबांची बाटली अर्धी भरून. बाबांनी काच खाली केली नाही. नवऱ्याला म्हणाले, त्या बाईंना सांग, माझं उतू चाललंय.

रस्त्यात नवरा फुटला. स्वतःच्या हातानं पाणी पिळलंत, म्हणाला, कोणावर राग काढलात, कोणाचं गेलं. आणि वर ती थाप कशाला मारलीत. बाबांनी पेटीवर ऊन येऊ नये म्हणून पडदा ओढला. मग म्हणाले, “त्या बाईनं मुलांसाठी पाणी घेतलं. ती मुलं जन्मभर म्हणाली असती की आपण प्यायलो म्हणून म्हाताऱ्याचं मोडलं. मी काय करून घेतलं ते माझं मी बघेन.” मग लगेच, आपण फार चांगलं बोलून गेलो असं वाटून, त्यांनी नवऱ्याला गाडी चालवता येत नसल्याचं सांगितलं.

मला रडू आलं आणि रागही आला. इतकी वर्षं हे असं काही आत होतं, तर ते घरात कधी का नाही काढलं? आमच्या वाट्याला नुसता तोंडाचा पट्टा आणि परक्या पोरांच्या वाट्याला हे. मी बॅगांच्या ढिगाआड तोंड फिरवून बसले.

दुरुस्तीवाल्याला फोटो पाठवला. त्यानं सांगितलं की चिकटवून देईन, भिंतीवर टांगायला बरा दिसेल. नवऱ्याचा विद्यार्थी इतक्या घाईनं यायला तयार नव्हता. मग नवऱ्यानं ठरवलं की पुढच्या शाळेत तिघांनीच वाजवायचं, चेलोचा भाग गाळायचा, आणि बाबांना सकाळच्या बसनं घरी पाठवायचं. बाबांनी ते ऐकलं आणि आपली बॅग भरायला घेतली. मला वाटलं, संपलं. चेलो गेला, खुर्ची गेली, हिशेब त्यांनी स्वतःच मांडला होता.

पुढच्या शाळेत आम्ही वाद्यं घेऊन सभागृहात शिरलो तेव्हा मांडलेल्या चार खुर्च्यांपैकी चौथीवर बाबा बसलेले होते. रिकाम्या हातांनी, गुडघे चेलो धरायला फाकवलेले. बस गेली होती. नवरा दात ओठ खात त्यांच्या कानाशी काहीतरी म्हणाला. बाबांनी समोर बघत राहून सांगितलं, मुलांसमोर तमाशा नको. मुलं बसलीच होती, शिक्षक बसले होते, काही करता येण्यासारखं नव्हतं. आम्ही तिघं आपापल्या जागी बसलो.

चौकडीत सुरुवात करताना कोणी तोंडानं मोजत नाही. एक जण नाकानं श्वास आत घेतो आणि त्या श्वासावर सगळ्यांचे गज एकदम पडतात. पहिल्या व्हायोलिनचं काम असतं ते, पण आमच्यात पहिल्यापासून ते बाबा करायचे, आणि इतक्या वर्षांत आमच्या कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं की आपण त्यांच्या श्वासावर निघतो. नवऱ्यानं श्वास घेतला. तो निघाला, मी मागून निघाले, आत्या निघाल्याच नाहीत. नवरा थांबला. परत घेतला. या वेळी आत्या आधी गेल्या आणि मी राहिले. मुलं खुसूखुसू हसायला लागली. आम्हा तिघांना एकत्र निघता येत नव्हतं.

“गज खाली घ्या,” बाबा दबक्या आवाजात म्हणाले.

आम्ही घेतले. नवऱ्यानंही घेतला. बाबांनी रिकामा उजवा हात उचलला, बोटांत गज असावा तसा, आणि माझ्याकडे बघितलं. आत्यांकडे, मग मुलाकडे. सभागृह गप्प झालं.

“आता निघा,” ते म्हणाले. “आणि सूनबाई, भाजी घरी निवड.”

मग त्यांनी नाकानं श्वास आत घेतला, आणि आम्ही तिघं एकदम निघालो.